लठ्ठपणाचें औषध आणि सरकारी विमा

लठ्ठपणा हा रोग आहे कीं मनुष्याच्या वागणुकीचा दोष आहे, हा वाद फार जुना आहे. चरकसंहितेनें अतिस्थूल मनुष्याची गणना आठ निंदित पुरुषांत केली, आणि त्याच अध्यायांत त्याच्यावरील उपचारही सांगितले. निंदा आणि चिकित्सा अशीं एकाच ठिकाणीं नांदूं शकतात. परंतु हा वाद सरकारी तिजोरीच्या दारापाशीं येऊन उभा राहिला, म्हणजे त्याचें स्वरूप पालटतें. रोग असेल तर औषधाचा खर्च समाजानें सोसावा. दोष असेल तर ज्याचा त्यानें सोसावा. अमेरिकेंत हा वाद कायद्याच्या एका कलमाभोंवतीं कसा फिरत राहिला, त्याची हकीकत आज मी आपल्यापुढें मांडणार आहें.

अमेरिकेंतील वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मेडिकेअर, १९६५ सालीं सुरू झाला. अध्यक्ष जॉन्सन यांनीं त्या कायद्यावर सही केली ती माजी अध्यक्ष ट्रुमन यांच्या गांवीं जाऊन, आणि विम्याचें पहिलें कार्डही त्यांनाच दिलें. या विम्यांत रुग्णालयाचा व डॉक्टरांचा खर्च होता. परंतु घरीं बसून घ्यावयाच्या बहुतेक औषधांचा नव्हता. ती उणीव भरून निघण्यास २००३ साल उजाडावें लागलें. अध्यक्ष बुश यांच्या कारकीर्दींत औषधविम्याचा कायदा झाला व १ जानेवारी १९०६ नव्हे, तर तब्बल शंभर वर्षांनीं, १ जानेवारी २००६ रोजीं तो अंमलांत आला, असें थट्टेनें म्हणावें इतका तो उशिराचा होता. आणि त्या कायद्यानें कांहीं औषधें बाहेर ठेवलीं, त्यांत वजन कमी करण्याचीं औषधें होतीं.

हें कां झालें, तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफिनॉल नांवाच्या रसायनाशीं संबंध आलेले मजूर घामाघूम होऊन रोडावत, आणि कित्येक मृत्यूही पावले. १९३३ सालीं स्टॅनफर्ड येथील कटिंग व टेन्टर या संशोधकांनीं त्याच द्रव्यानें वजन उतरतें, असें दाखविलें. लोकांनीं तें भराभर घेतलें. पुढें कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला, तर कोणी शरीराच्या ज्वालेनें दगावला. १९३८ सालीं त्यावर बंदी आली. साठीच्या दशकांत रंगीबेरंगी गोळ्यांची लाट आली. त्यांत अँफेटामीन, थायरॉइडचा अर्क व हृदयावर परिणाम करणारें डिजिटॅलिस यांचें मिश्रण असे. १९६८ सालीं सिनेटच्या समितीला त्यांची चौकशी करावी लागली. पुढें फेनफ्लुरामीन व फेन्टरमीन या जोडगोळीनें देश वेडावला. आणि १९९७ सालीं मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनीं हें औषध घेणाऱ्या २४ स्त्रियांच्या हृदयाच्या झडपा बिघडल्याचें प्रसिद्ध केल्यावर फेनफ्लुरामीन बाजारांतून उठलें. तेव्हां २००३ सालच्या कायदेकर्त्यांना या औषधांचा भरंवसा वाटला नाहीं, तर त्यांना सर्वस्वीं दोष देतां येत नाहीं.

मात्र त्यांनीं हें कलम नव्यानें लिहिलें नव्हतें. गरिबांच्या मेडिकेड या विम्यासाठीं १९९० सालीं एक यादी झाली होती. त्या यादींतील औषधें, म्हणजे वजन घटविण्याचीं, केंस उगविण्याचीं, सर्दी-खोकल्याचीं इत्यादि, राज्यांना वाटल्यास वगळतां येतील, अशी ती मुभा होती. २००३ च्या कायद्यानें तीच यादी उचलली. पण जेथें मुभा होती तेथें मनाई झाली. मेडिकेडमध्यें राज्य हवें तर पैसे देऊं शके. वृद्धांच्या विम्यांत तो मार्गच बंद झाला.

त्यानंतर वैद्यकाचें मत बदलत गेलें, कायदा मात्र जागचा हलला नाहीं. २००४ सालीं ‘लठ्ठपणा हा आजार नव्हे’ अशा आशयाचें वाक्य मेडिकेअरच्या नियमांतून काढण्यांत आलें. २००६ सालीं कांहीं रोग्यांच्या जठरावरील शस्त्रक्रियेचा खर्च मान्य झाला. २०११ सालीं समुपदेशनाचा झाला. २०१३ सालीं अमेरिकन मेडिकल असोसिएशननें लठ्ठपणास रोग म्हणून मान्यता दिली. म्हणजे सल्ल्याचे पैसे मिळत, सुरीचे मिळत, पण मधल्या गोळीचे मिळत नसत!

२०२१ सालीं सेमाग्लुटाइड हें औषध वजनासाठीं मंजूर झालें, आणि हा विरोध उघडा पडला. आठवड्यास एक टोंचणी; ६८ आठवड्यांच्या चांचणींत वजन सरासरीनें सुमारें १५ टक्के उतरलें. छापील किंमत महिना सुमारें १,३५० डॉलर! तेंच द्रव्य २०१७ सालीं मधुमेहासाठीं मंजूर झालें होतें व विमा त्याचे पैसे देत होता. एकाच घरांतील दोन वृद्ध भावांपैकीं मधुमेही भावास तें विम्यावर मिळावें, आणि नुसत्या लठ्ठपणानें गुडघे धरून बसलेल्या भावानें पदरचे पैसे मोजावे, अशी ही स्थिति होती.

२०२३ सालीं १७,६०४ रोग्यांवरील मोठी चांचणी प्रसिद्ध झाली. आधींच हृदयरोग असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या स्थूल माणसांत या औषधानें हृदयविकाराचे झटके, पक्षाघात व हृदयरोगानें येणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनीं घटले. मार्च २०२४ मध्यें त्या कारणासाठीं औषध मंजूर झालें व विम्याचें दार थोडें किलकिलें झालें. पण त्यांतून शिरण्यास हृदय आधीं बिघडलेलें असावें लागे!

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानें ऑक्टोबर २०२४ मध्यें हिशेब मांडला, कीं ही मनाई उठविल्यास २०२६ ते २०३४ या नऊ वर्षांत सरकारवर सुमारें ३५ अब्ज डॉलरचा भार पडेल, व वांचणारा खर्च त्या मानानें थोडा असेल. औषध सोडलें कीं बहुतेकांचें वजन पुन्हां चढतें. म्हणजे खर्चही जन्माचा. बायडन सरकारनें नोव्हेंबर २०२४ मध्यें कलमाचा अर्थ नव्यानें लावून मार्ग काढूं पाहिला. ट्रम्प सरकारनें एप्रिल २०२५ मध्यें तो प्रस्ताव बाजूस सारला. मग त्याच सरकारनें नोव्हेंबर २०२५ मध्यें कंपन्यांशीं करार जाहीर केला: मेडिकेअरला औषध महिना २४५ डॉलरांस मिळावें आणि रोग्यानें ५० डॉलर द्यावे. वादाची खरी गांठ किंमतींत होती, हें यावरून दिसून येतें.

श्रोतेहो, हीं औषधें २०२५ सालीं आपल्या देशांतही विक्रीस आलीं आहेत. उद्यां आपल्याही विमायोजनांपुढें हा प्रश्न येईल. तेव्हां एवढें ध्यानांत असावें, कीं जुन्या औषधांच्या अपघातांतून निपजलेली सावधगिरी शहाणपणाची असते. पण ती कायद्यांत गोठली आणि औषध बदललें, तर तिचा भुर्दंड अशा रोग्यांना बसतो, ज्यांचा त्या अपघातांशीं कांहींएक संबंध नव्हता. निंदा फुकट करतां येते, चिकित्सेला पैसे पडतात. म्हणूनच समाज पहिलीकडे लवकर वळतो.