दृष्टिहीनांचे स्वावलंबन : एक ऐतिहासिक आढावा

म्हसवड व आसपासच्या माणदेशात पूर्वी दृष्टिहीन मुलाच्या वाट्याला बहुधा दोनच जागा येत : सिद्धनाथाच्या देवळाची ओवरी, नाही तर घरच्या सोप्याचा कोपरा. ओवरीत भीक होती, कोपऱ्यात माया होती. स्वकष्टाचा घास मात्र कोठेच नव्हता. देवीच्या साथीत किंवा दुष्काळातील निकस अन्नामुळे डोळे गमावलेली माणसे आमच्या बालपणी गावोगाव दिसत. देवीचा रोग १९७५ नंतर या देशातून गेला. 'आंधळ्याने काय करायचे' हा प्रश्न मात्र कित्येक घरांतून अद्याप गेलेला नाही, म्हणून ज्ञातिबांधवांपुढे हा आढावा ठेवीत आहो.

या विषयाचा आरंभ अक्षरापासून करणे युक्त होय. फ्रान्समधील लुई ब्रेल (१८०९–१८५२) हा एका खोगीरकाराचा मुलगा. तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यातील आरीने त्याचा डोळा जखमी झाला व पुढे दोन्ही डोळे गेले. ऐन पोरवयात त्याने सहा टिंबांची लिपी रचली. १८२९ साली ती छापून प्रसिद्ध झाली. सहा टिंबांच्या उलटसुलट जोडणीतून ६३ चिन्हे होतात, व ती बोटाच्या अग्राने वाचता येतात. आपल्याकडे निरनिराळ्या भाषांसाठी निरनिराळ्या पद्धती चालत. १९५१ साली सर्वांसाठी एकच भारती ब्रेल ठरली, तेव्हा कोठे हा गोंधळ मिटला.

शाळा मात्र त्याआधीच निघाल्या होत्या. १८९९–१९०० चा भीषण दुष्काळ चालू असता, १९०० साली अमेरिकन मिशनच्या मिस ॲना मिलार्ड यांनी मुंबईत अंधांसाठी शाळा काढली. १९०२ साली तेथेच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा निघाली, व १९३४ साली पुण्यासही अंधशाळा झाली. या जुन्या शाळांतून गायन-वादन, वेताच्या खुर्च्या विणणे, हातमाग असे उद्योग शिकवीत. त्या काळी तेही थोडे नव्हते. परंतु मुलाचे पुढे काय होणार, हे गुरुजींनी आधीच ठरवून ठेवलेले असे, ही त्यातील उणीव आम्हांस वाटते. १९५२ साली मुंबईत 'नॅब' ही राष्ट्रीय संस्था स्थापन झाली आणि निरनिराळ्या धंद्यांच्या शिक्षणास जोर आला.

याचे फळ आपल्याच सातारा जिल्ह्यात पाहावयास मिळते. महाबळेश्वरचे श्री. भावेश भाटिया यांची दृष्टी ऐन तारुण्यात गेली. मुंबईस नॅबमध्ये त्यांनी मेणबत्त्या करण्याचे शिक्षण घेतले, व महाबळेश्वरच्या बाजारात भाड्याच्या हातगाडीवर त्या विकू लागले. १९९४ साली उभा राहिलेला त्यांचा 'सनराइज कँडल्स' हा कारखाना पुढे शेकडो दृष्टिहीनांना शिकवून काम देणारा ठरला. मेण किती तापले, साचा नीट बसला की नाही, वात मधोमध आली की नाही, हे सारे हाताला कळते. सवयीच्या बोटांना त्यासाठी दिव्याची गरज नाही. माणदेशात घोंगडीसाठी लोकर पिंजण्या-कातण्याचे कामही स्पर्शाचेच असते. मग त्या कामाशेजारी दृष्टिहीन मुलास बसविण्याचे आपल्या वडीलधाऱ्यांस फारसे का सुचले नाही, कोण जाणे!

परंतु हातास धंदा आला तरी पाय बांधलेलेच असतील तर काय उपयोग? दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी अमेरिकेत रिचर्ड हूवर यांनी लांब काठी घेऊन एकट्याने चालण्याची पद्धत बसविली. प्रत्येक पावलापुढची जमीन काठीने आधी चाचपावयाची, एवढेच त्यातील मर्म. पण ते सरावाने व जाणत्या शिक्षकाकडूनच शिकावे लागते. मार्गशीर्षातील रथाच्या गर्दीत मुलाचा हात धरणे योग्यच. एरवीच्या दिवशी दळणाच्या गिरणीपर्यंतही त्यास एकटे न सोडणे मात्र मायेचा अतिरेक होय. पडेल, गुडघा फुटेल. डोळस पोरे पडत नाहीत काय?

कायद्यानेही वाट रुंद केली आहे. १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत अंधांस व अल्पदृष्टी असणाऱ्यांस एक टक्का जागा राखल्या, व २०१६ च्या कायद्यानेही तो एक टक्का कायम ठेवला. परीक्षेत लेखनिक व जादा वेळ मिळतो. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारे मोबाईल व संगणक आज आहेत. या सर्वांचा लाभ घ्यावयाचा तर प्रथम अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे लागते. तेच न काढलेली घरे अजून आढळतात.

आणि मुलींविषयी तर बोलावे तितके थोडे. मुलगा निदान पारावर तरी बसे. मुलगी चुलीपाशीही नको, भाजेल म्हणून! १९०० साली मिस मिलार्ड यांनी काढलेली ती शाळा आज दादर येथे मुलींचीच शाळा म्हणून चालू आहे.