इंद्रलाल रॉय यांच्या विमानाला रंग कोणता द्यावा?

जुलै १९१८. फ्रान्समधील आघाडीवर कोलकात्याच्या इंद्रलाल रॉय या १९ वर्षांच्या वैमानिकाने ६ ते १९ तारखेदरम्यान १० हवाई विजय नोंदवले. २२ जुलैला जर्मन विमानांशी लढताना त्यांना वीरमरण आले. डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळालेले ते पहिले भारतीय; तोही मरणोत्तर.

त्यांचे विमान होते एस. ई. ५ए. लाकडी सांगाडा, एकावर एक असे दोन पंख आणि त्यांवर ताणून बसवलेले लिननचे कापड. १:४८ प्रमाणात प्रतिकृती करायला घेतली, तर ८.११ मीटरचा पंखविस्तार जेमतेम १७ सेंटिमीटरांत मावतो. सुटे भाग चिकटवण्याचे काम चिकाटीने निभते. खरा पेच पडतो तो रंगाची डबी उघडताना.

विमानाच्या वरच्या बाजूला ‘पी. सी. १०’ नावाचा लेप असे. त्याची कृती ज्ञात आहे : पिवळा लोह-ऑक्साइड, म्हणजे एक प्रकारची पिवळी माती, आणि थोडी काजळी. चित्रकलेच्या तासाला पिवळ्यात काळा मिसळून पाहिलेल्यांना उत्तर ठाऊक असेल. मिश्रण हिरवट दिसते. परंतु हे रंगद्रव्य ज्या द्रावणात घोटले जाई ते, वरचे व्हार्निश आणि पुढे ऊनपाऊस, या सर्वांमुळे तोच लेप तपकिरीकडे झुकतो. म्हणूनच एक पक्ष ‘शेवाळी हिरवा’ म्हणतो आणि दुसरा ‘चॉकलेटी’. हा वाद कित्येक दशके चालू आहे, आणि तो क्षुल्लक नाही. त्या विमानांची छायाचित्रे कृष्णधवल आहेत. पाहणाऱ्याच्या मनात त्यांचा रंग भरला जातो तो बहुतेकदा प्रतिकृतीकाराच्या कुंचल्यातून.

छायाचित्रांवर तरी विसंबावे काय? तेही जपूनच. त्या काळी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा तांबड्या प्रकाशाला जवळपास आंधळ्या होत्या. पंखावरील तिरंगी वर्तुळातला लाल ठिपका त्यांत काळाकुट्ट उमटतो आणि गडद निळे कडे फिकट पडते. संग्रहालयांत जपलेले कापडाचे तुकडे अधिक विश्वसनीय खरे, पण शंभर वर्षांत व्हार्निश पिवळे पडते. आज दिसणारा तपकिरी रंग काही अंशी काळानेच चढवलेला असतो.

माझा कौल हिरवट छटेच्या गडद तपकिरीला आहे. आघाडीवरच्या विमानाला म्हातारे होण्याइतका अवधी क्वचितच मिळे. खालची बाजू मात्र निर्विवाद : पारदर्शक लेप दिलेले लिनन, सायीसारखे पिवळसर.

शेवटी उरतात पंखांमधल्या तारा. बरेच जण गोल दोरा ओवून मोकळे होतात. मूळ तारा हवा सहज कापली जावी म्हणून चपट्या केलेल्या होत्या. त्यामुळे समोरून त्या जवळजवळ दिसेनाशा होतात आणि बाजूने पाहिल्या की चमकतात. चपटा लवचीक धागा मिळाला तर तोच घ्यावा, आणि ओवताना त्याला पीळ पडू देऊ नये.