एक वायर चुकली आणि पीएलसी 'बोलेनासा' झाला: तो खरंच जळाला, हे कसं ओळखायचं?

मशीनवर नवीन एनर्जी मीटर बसवला, पॅनल बंद केलं, सप्लाय दिला आणि स्क्रीनवर 'कम्युनिकेशन एरर' झळकलं. त्यानंतर शॉप फ्लोअरवर सगळ्यात आधी ऐकू येणारं वाक्य ठरलेलं असतं: 'पीएलसी उडाला!' मग नवा पीएलसी मागवायची धावपळ सुरू होते. प्रत्यक्षात अनेकदा पीएलसी शाबूत असतो, फक्त त्याचं तोंड बंद झालेलं असतं. हा फरक ओळखायला एक मल्टिमीटर आणि थोडा धीर पुरतो.

पीएलसी म्हणजे नेमकं काय?

पीएलसी म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. बाटल्या भरणाऱ्या लाइनपासून पाणीपुरवठ्याच्या पंपांपर्यंत, कोणती मोटर कधी सुरू करायची आणि कोणता व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे ठरवणारा छोटा कॉम्प्युटर. १९६८ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सला रिलेंनी भरलेल्या अवाढव्य पॅनलना पर्याय हवा होता. त्यातून डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 'मोडिकॉन ०८४' पुढे आला. याच मोडिकॉनने १९७९ मध्ये 'मॉडबस' ही उपकरणांनी एकमेकांशी बोलायची पद्धत आणली. ती आजही सर्रास वापरात आहे.

मॉडबसचा मजकूर अनेकदा 'आरएस-४८५' नावाच्या जोडणीवरून जातो. यात ए आणि बी अशा दोन वायर असतात आणि त्या दोघींमधल्या व्होल्टेजच्या फरकावरून संदेश वाचला जातो. पीएलसी, स्क्रीन, ड्राइव्ह, मीटर असे सगळे एकाच जोडीवर ओळीने लटकलेले असतात.

चूक कुठे होते?

पॅनलमध्ये सेन्सरसाठी २४ व्होल्ट डीसी सप्लाय असतो. त्याचे टर्मिनल आणि कम्युनिकेशनचे टर्मिनल बऱ्याचदा शेजारी असतात आणि दिसायलाही सारखेच असतात. आरएस-४८५ च्या मानकाप्रमाणे या वायरींवर कॉमनच्या तुलनेत उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट चालतात. तिथे २४ व्होल्ट लागले की पोर्टमागची छोटी चिप मान टाकते. जास्त व्होल्टेज सहन करणाऱ्या चिपही मिळतात, पण प्रत्येक पीएलसीत त्या असतीलच असं नाही.

दुसरी चूक निरुपद्रवी आहे: ए आणि बी ची अदलाबदल. यात सहसा काही जळत नाही, फक्त संवाद होत नाही. वायर पुन्हा अदलून लावल्या की काम होतं. गोंधळ असा की ए कोणाला म्हणायचं आणि बी कोणाला, यावर कंपन्यांचंच एकमत नाही. मानकात एक, चिप बनवणाऱ्यांच्या कागदावर अनेकदा नेमकं उलटं. म्हणून 'ए ला ए जोडलंय, मग चूक कशी?' हा युक्तिवाद इथे चालत नाही. दोन्ही उपकरणांचं मॅन्युअल बघून प्लस कोणती आणि मायनस कोणती, हेच पाहावं लागतं.

आधी दिवे बघा

पॉवरचा दिवाच बंद असेल, तर प्रश्न कम्युनिकेशनचा नाही, सप्लायचा आहे. इथेही घाई नको. चुकीच्या वायरमुळे २४ व्होल्टची लाइन शॉर्ट झाली असेल, तर सप्लाय स्वतःला वाचवण्यासाठी आउटपुट बंद करतो. बाहेरच्या वायर काढल्या की पीएलसी पुन्हा जिवंत झाल्याचं दिसू शकतं.

पॉवर आणि रन हे दोन्ही दिवे सुरू असतील, तर आतला प्रोग्रॅम चालू आहे. ही चांगली बातमी आहे आणि धोक्याचीही. स्क्रीन बंद असली तरी पीएलसी मोटर फिरवू शकतो, आणि संवाद अचानक परत आला तर थांबलेलं मशीन सुरू होऊ शकतं. म्हणून पॅनलमध्ये हात घालण्याआधी मेन सप्लाय बंद करून त्याला कुलूप लावणं गरजेचं आहे. ड्राइव्ह असेल तर सप्लाय बंद केल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये काही मिनिटं चार्ज राहतो. किती वेळ थांबायचं, ते त्याच्या लेबलवर लिहिलेलं असतं.

मल्टिमीटर काय सांगतो?

सप्लाय बंद ठेवून ए आणि बी मधला रेझिस्टन्स मोजायचा. नेटवर्कच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर बसवलेले असतील, तर साधारण ६० ओहम दिसतात. १२० च्या आसपास आकडा आला, तर एक टोक सुटलंय किंवा केबल मध्येच तुटली आहे. खूप मोठा आकडा आला, तर बहुधा रेझिस्टर लावलेलेच नाहीत आणि छोट्या अंतरावर तसंही काम चालतं. आकडा शून्याजवळ असेल तर मात्र कुठेतरी शॉर्ट आहे.

तो शॉर्ट पीएलसीतच असेल असं नाही. सगळे एकाच जोडीवर असल्याने एका मीटरची चिप जळाली, तरी ती सगळ्यांचा आवाज दाबते. त्यामुळे एकेक उपकरण काढून पुन्हा मोजत जायचं. ज्याला काढल्यावर आकडा सुधारतो, तो दोषी. कंटाळवाणं काम आहे, पण नवा पीएलसी मागवून नंतर 'बिघाड मीटरमध्ये होता' हे कळण्यापेक्षा बरं.

सगळं ठीक दिसत असेल, तर सेटिंगकडे वळायचं. बॉड रेट, पॅरिटी आणि स्टेशन नंबर यांपैकी एक जरी जुळला नाही, तरी समोरून उत्तर येत नाही. नवीन मीटरला आधीच वापरात असलेला नंबर दिला गेला असेल, तर दोघं एकदम बोलतात आणि कोणाचंच समजत नाही.

लॅपटॉप जोडण्याआधी

केबलवर २४ व्होल्ट अजूनही असतील, तर लॅपटॉपचा कन्व्हर्टरही जाणार. नवा पीएलसी जोडला तर त्याचाही पोर्ट जाणार. त्यामुळे सगळ्या उपकरणांचे कनेक्टर काढून, सप्लाय देऊन, केबलच्या मोकळ्या टोकाला व्होल्टेज मोजल्याशिवाय तिथे काहीही लावायचं नाही. कन्व्हर्टर आयसोलेटेड प्रकारचा असलेला बरा.

पीएलसीला इथरनेट किंवा यूएसबीचा वेगळा पोर्ट असेल, तर त्यातून आधी प्रोग्रॅमचा बॅकअप घ्यायचा. इथे एक मोठा सापळा आहे. मोबाइलवर 'डाउनलोड' म्हणजे फाइल आपल्याकडे येते. बहुतेक पीएलसी सॉफ्टवेअरमध्ये 'डाउनलोड' म्हणजे लॅपटॉपमधला प्रोग्रॅम पीएलसीत जातो आणि आधीचा पुसला जातो. बॅकअपसाठी 'अपलोड' हवं. मशीन बनवणाऱ्याकडेही जुनी फाइल नसेल, तर हे एक चुकीचं बटण जळालेल्या पोर्टपेक्षा महाग पडतं.

पोर्ट खरंच गेला असेल तर?

पीएलसीला दुसरा मोकळा पोर्ट असेल, तर प्रोग्रॅममध्ये बदल करून संवाद तिकडे वळवता येतो. अनेक मॉडेलना बाजूला वेगळं कम्युनिकेशन मॉड्यूल किंवा कार्ड जोडता येतं. जळालेली चिप बदलून देणारे कार्ड रिपेअरवालेही असतात, पण नुकसान चिपच्या पलीकडे प्रोसेसरपर्यंत पोहोचलं असेल तर तो उपाय चालत नाही. पीएलसी वॉरंटीत असेल, तर तो उघडण्याआधी विक्रेत्याला विचारलेलं बरं.