बालकांच्या पंचेंद्रियांची शाळा

जुबिलीनिमित्त वडीलधाऱ्यांच्या कार्याचें स्मरण होत असतां, धाकट्या लेंकरांविषयींही चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें. मूल ज्वारीच्या राशींत हात घालून बसलें कीं आपण त्यास रागें भरतों. परंतु तो हात त्या वेळीं अभ्यासच करीत असतो. ही गोष्ट जगास कशी उमगली, तो इतिहास मनन करण्याजोगा आहे.

रोम शहराच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तींत डॉ. मारिया माँटेसरी या कॅथलिक विदुषींनीं ६ जानेवारी १९०७ रोजीं बालगृह उघडलें. आईबाप मजुरीस गेले म्हणजे तेथील मुलें दिवसभर मोकळीं असत. एक ते दहा सेंटिमीटरांचे दहा ठोकळे रचणें, खरखरीत व गुळगुळीत ओळखणें, सारख्या आवाजाच्या डब्या जुळविणें, अशा खेळांनीं बाईंनीं मुलांचीं इंद्रियें जागविलीं.

गरिबांसाठीं निघालेली ही विद्या साहित्याच्या किमतीमुळें पुढें बहुधा श्रीमंतांच्या शाळांतच राहिली. तिला पुन्हा गरिबाच्या दारीं आणलें तें ताराबाई मोडक यांनीं. विवाहानंतर कांहीं वर्षें त्या आपल्या अमरावतीस राहत होत्या. १९२३ सालीं त्या भावनगरास गिजुभाई बधेका यांच्या कार्यांत सामील झाल्या, आणि १९४५ सालीं त्यांनीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी येथें बालशिक्षण आरंभिलें. तेथें खडे, शिंपले, पानें व बिया हेंच साहित्य झालें. दलित वस्तींतील मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत गेली. तीच अंगणवाडी! १९७५ सालच्या सरकारी योजनेनें हेंच नांव उचललें.

आज अकोला व अमरावती जिल्ह्यांत गांवोगांवीं अंगणवाडी आहे. परंतु अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढेंच आपण समजतों. खेळ मागें पडला, ही खेदाची गोष्ट होय.

वऱ्हाडांतील घरांत काय उणें आहे? मुलाचे डोळे बांधून कापूस, सरकी, तूर व चिंचोके हातानें ओळखूं द्यावे. ओवा, हळद, गोडलिंबाचा पाला वासावरून सांगूं द्यावा. बिया नाकाकानांत जाऊं नयेत म्हणून जवळ बसावें. मात्र उत्तर आपण सांगूं नये.

यास पैसा लागत नाहीं. घरच्या मोठ्या माणसाची अर्धी घटका लागते. या जुबिलीच्या वर्षीं प्रत्येक घरानें आपल्या लेंकरांस तेवढें दान द्यावें, अशी आमची नम्र विनंती आहे.