पायरीशी
दिंडीत वीणा कधी जमिनीला टेकत नाही. ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. माझा जन्म कंडक्टरकीत गेला. एका वारीत माझ्याकडून वीणा घ्यायला आमच्या डेपोचे साहेब उभे राहिले आणि वाकले, तेव्हा मी चटकन पाय मागे घेतले. शेजारचे बुवा ओरडले, "पाय ओढू नका माऊली, नेम आहे!"

नेमच तो. मनात लीनता दाटेल तेव्हा वाका, असं वारकऱ्यांनी ठेवलंच नाही. आधी कंबर वाकवा, मन येईल मागून. मला तरी हे शहाणपणाचं वाटतं. मनाची वाट बघत बसलो असतो तर साहेब आणि मी दोघंही ताठच राहिलो असतो.

हैबतबाबा आरफळकर सातारा जिल्ह्यातले, शिंद्यांच्या पदरी असलेले सरदार. एकोणिसाव्या शतकात त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावली. दिंड्यांचा क्रम, मुक्काम, भजन, सगळं फौजेसारखं चोख. आणि त्यांची स्वतःची जागा? आळंदीला महाद्वारातली पायरी. पंढरपुरात नामदेवांची पायरी तशीच. संतांचे पाय लागावेत म्हणून त्यांनी 1350 साली महाद्वारात समाधी घेतली, असं परंपरा सांगते. आम्ही मात्र ती पायरी पितळेनं मढवली आणि पाय न लावता ओलांडून जातो.

त्या पायरीसमोर चोखोबांची समाधी आहे, आणि माझी गाडी तिथं अडते. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना ते कोसळलं, 1338 साली चोखोबा त्यात गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या. जिवंतपणी मात्र देवळात पाऊल टाकू दिलं नव्हतं. कीर्तनात चोखोबांच्या लीनतेचं कौतुक सुरू झालं की मी चुळबुळायला लागतो. नामदेव आणि हैबतबाबा आपण होऊन पायरीशी राहिले. चोखोबांना तिथं अडवलं होतं. दोन्हीला लीनताच म्हणणं आत बसलेल्यांच्या सोयीचं.

ते दार उघडायला सहा शतकं गेली. 1 मे 1947 रोजी साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले. डोळ्यांत पाणी यायला वेळ न लागणारा हा मऊ माणूस, पण दहा दिवस हलला नाही. 10 मे रोजी मंदिर हरिजनांना खुलं करण्याचं ठरलं, तेव्हाच उपोषण सुटलं.

गाडगेबाबांची तऱ्हा निराळी. ते वारीला पंढरपुरात यायचे, खराटा घेऊन रस्ते झाडायचे, वाळवंटात कीर्तन करायचे. देवळात जायची त्यांना गरजच वाटत नसे. अस्पृश्यांना उतरायला जागा नव्हती म्हणून त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढे डॉ. आंबेडकरांच्या संस्थेला देऊन टाकली. त्यांच्या पाया पडायला कुणी वाकलं की मात्र बाबा काठी उगारत. आमचा नेम त्यांना मंजूर नव्हता, आणि त्याबद्दल एकाही बुवानं तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही.