माघातला गारठा आणि माहुल गाव

९ फेब्रुवारी २०१२ रोजी पहाटे सांताक्रूझच्या वेधशाळेतील पारा ८.८ अंशांपर्यंत उतरला, त्या वेळी वसंतपंचमी होऊन बारा दिवस लोटले होते. आणि त्याच्या चार वर्षे आधी, ८ फेब्रुवारी २००८ रोजी, तोच पारा ८.५ अंशांवर आला, तेव्हा वसंतपंचमी अवघ्या तीन दिवसांवर येऊन ठेपली होती. ज्या शहरात स्वेटर ही वस्तू बहुधा महाबळेश्वरच्या सहलीसाठीच कपाटातून बाहेर निघते, त्या शहराला हे दोन्ही प्रसंग अवकाळी वाटले, यात नवल नाही. पंचांगाची साक्ष मात्र निराळी आहे. माघ आणि फाल्गुन हे शिशिराचेच महिने. वसंताचा अंमल चैत्रापासून सुरू व्हायचा. आणि थंडीला निरोप देण्याचा लोकमान्य मुहूर्तही फाल्गुनी पौर्णिमेचा, कारण होळी जळाली आणि थंडी पळाली, असेच आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. माघातली थंडी अशी स्वतःच्याच मुलुखात वावरत असते. समुद्राच्या सान्निध्याने सैलावलेल्या मुंबईकराला तेवढा त्याचा विसर पडलेला असतो.

परंतु ही जी ‘मुंबई’ गारठली म्हणून सांगतात, ती नेमकी कोणती? जानेवारी १९६२ मधल्या थंडीच्या लाटेत सांताक्रूझला ७.४ अंशांची नोंद झाली, आणि मुंबईच्या नीचांकाचा दाखला म्हणून आजही तोच आकडा पुढे केला जातो. त्याच लाटेत कुलाब्याचा पारा मात्र ११.७ अंशांच्या खाली गेला नाही. एकच शहर, एकच लाट, आणि दोन वेधशाळांमध्ये चार अंशांहून अधिक तफावत! या तफावतीची उपपत्ती जितकी निसर्गात आहे तितकीच इतिहासातही आहे. कारण पारा कुठे टांगायचा हे थंडीने ठरवलेले नाही, ते त्या-त्या काळच्या राज्यकर्त्यांच्या गरजेने ठरवले आहे.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली स्थापन केली, ती हवामानासाठी नव्हेच. बंदरात नांगरलेल्या गलबतांना आपली घड्याळे बिनचूक लावता यावीत आणि नौकानयनाला उपयुक्त असे आकाशाचे वेध घेता यावेत, हा तिचा हेतू. आणि कुलाब्याला मुंबईशी जोडणारा बांधीव रस्ता १८३८ साली तयार झाला, म्हणजे वेधशाळा आधी आणि वाट नंतर, असा तो काळ होता. चुंबकीय व हवामानविषयक निरीक्षणे तिथे १८४१ पासून नियमितपणे होऊ लागली. पुढे चार्ल्स चेंबर्स यांनी मुंबई इलाख्याच्या हवामानावर १८७८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि १८९६ मध्ये नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस हे या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकसूचीचे काम बिघडणार, हे ओळखून चुंबकीय निरीक्षणाचे ठाणे १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. तापमापक मात्र कुलाब्यालाच राहिला, तिन्ही बाजूंनी समुद्राने वेढलेल्या त्या चिंचोळ्या भूशिरावर, जिथे थंडी आली तरी समुद्राला वळसा घालूनच यावे लागते. सांताक्रूझची वेधशाळा विमानांच्या युगातली. वैमानिकाला धावपट्टीवरचा वारा आणि धुके ठाऊक असावे लागते. म्हणून निरीक्षणेही धावपट्टीजवळ झाली, आणि त्या काळी भोवताली पसरलेल्या मोकळ्या, सखल, शेतीच्या जमिनीवर रात्रीची उष्णता आकाशाकडे निघून जायला कसलाच अडसर नव्हता. जानेवारी महिन्याचे सरासरी किमान तापमान पाहिले तर सांताक्रूझ आजही कुलाब्याहून सुमारे अडीच अंशांनी थंड असते. एक आकडा अशा रीतीने गलबतांनी दिला, दुसरा विमानांनी. आणि कोळ्यांच्या होड्यांसाठी तिसरा आकडा घ्यावा, असे सरकारदरबारी कोणाच्या मनात आल्याचे दिसत नाही.

माहुल हे गाव या दोन वेधशाळांपासून सारखेच परके. तुर्भ्याचा, म्हणजे आजच्या बोलीत ट्रॉम्बेचा, जवळजवळ हजार फूट उंचीचा डोंगर पूर्वेला, माहुलची खाडी पश्चिमेला, खाडीपलीकडे शिवडी आणि वडाळा, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत कोळी-आगऱ्यांची वस्ती. हा सारा प्रदेश जुन्या साष्टीचा. १७३७-३९ च्या वसईच्या मोहिमेने तो पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे आणि साष्टी घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. तरीही मुंबई शहराच्या दफ्तरात माहुलची गणना व्हायला पुढे दीड शतकाहून अधिक काळ जावा लागला. कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग १९०६ साली घातला गेला तो शहराचा कचरा वाहून नेण्यासाठी, आणि उतारूंना त्याचा लाभ मिळाला तो १९२४ मध्ये. ट्रॉम्बेपासून अंधेरीपर्यंत जाणारी रेल्वेही १९२८ साली निघाली आणि १९३४ मध्ये बंद पडली. शहराने या किनाऱ्याकडे पाठवायच्या वस्तूंत कचऱ्याला पहिला मान दिला, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता थंडी माहुलपर्यंत येते कशी, ते पाहू. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ काश्मीर-हिमाचलावर हिम टाकून पूर्वेकडे सरकले, की त्यांच्या पाठीमागून उत्तरेची कोरडी, गार हवा राजस्थान-गुजरातवरून दक्षिणेकडे उतरते, आणि माघ-फाल्गुनात असा विक्षोभ जोरकस आला, तर नाशिक-निफाडच्या द्राक्षबागांत रात्री शेकोट्या पेटवण्याची वेळ येते. उत्तर कोकणात तिची धार बोथट होते. कारण दुपारी समुद्रावरून वाहणारे खारे वारे हवेत ओल आणि ऊब दोन्ही मिसळतात. परंतु उत्तरेचा जोर असला की खारे वारे उशिरा सुटतात, रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे वाहतात, आकाश निरभ्र राहते, आणि पहाटेच्या सुमारास कुठे किती गारठा पडेल हे भूमीच्या ठेवणीवर अवलंबून राहते. बोरिवलीच्या वनात, पवईच्या काठी आणि मुलुंडच्या डोंगरउतारांखाली तो सर्वांत तीव्र. माहुलची गत दुहेरी आहे. खाडीचे पाणी फेब्रुवारीतही चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास असते, त्यामुळे भरतीच्या वेळी काठावरची हवा कुलाब्यासारखी सौम्य राहते. पण ओहोटी लागून मैलभर गाळ उघडा पडला, आणि डोंगरउतारावरची जड, गार हवा खाली ओघळू लागली, की तेच गाव सांताक्रूझच्या पंक्तीला जाऊन बसते. त्यातच पूर्वेला डोंगर असल्यामुळे सूर्योदयाची पंचांगातली वेळ होऊन गेल्यावरही गावावर ऊन यायला अवकाश लागतो, आणि पहाटेचा गारठा इतर ठिकाणांपेक्षा तेवढाच अधिक रेंगाळतो.

या रेंगाळण्याचा हिशेब वेधशाळेच्या वहीत नसला तरी गावाच्या व्यवसायांत होता. माहुलची मासेमारी खोल समुद्रातली कमी आणि खाडीतली अधिक: कोळंबी, जवळा, बोय, चिंबोऱ्या, आणि तिवरांच्या मुळांशी गाळात बिळे करून राहणाऱ्या निवट्या. निवटी हा मासा पाण्याबाहेर, गाळावर उड्या मारत हिंडतो. त्याच्या रक्ताला स्वतःची ऊब नसल्यामुळे गार पहाटे तो बिळात स्वस्थ बसून राहतो, आणि गाळावर ऊन चढून चिखल कोमट झाल्याशिवाय वर येत नाही. गुडघाभर गाळात उतरून हाताने निवट्या धरणाऱ्यांचा दिवस अशा वेळी उशिरा सुरू होणार आणि भरती तर कोणासाठी थांबणार नाही, म्हणजे मधला वेळ तेवढा बुडाला. वाळवणाचे गणितही असेच. वर्सोवा-मढच्या किनाऱ्यावर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी आडव्या दोरीवर टांगतात, ते दृश्य पुष्कळांनी पाहिले असेल. खाडीकाठी जवळा सुकवायचा तो जमिनीवर पसरून, वरचेवर हाताने परतून. उत्तरेची कोरडी हवा या कामाला दिवसा वरदानच ठरते. रात्री मात्र निरभ्र आकाशाखाली दव पडते, अर्धवट सुकलेला जवळा पुन्हा ओलावतो, त्याचा रंग काळवंडतो, आणि बाजारात त्याचा भाव उतरतो. सुक्या मासळीवर पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या घराला माघातल्या चार दवभरल्या रात्री भर आषाढात जाणवत, हे शहरातल्या वाचकाला एरवी सुचणार नाही.

मिठागरांशी थंडीचा याहूनही निकटचा संबंध. चेंबूर, ट्रॉम्बे, वडाळा, भांडुप, मुलुंड अशी पूर्व किनाऱ्याला धरून मिठागरांची ओळच होती, आणि तिथे राबणाऱ्यांत आगरी समाजाचा वाटा मोठा. उधाणाच्या भरतीचे पाणी बांधांआड कोंडून घ्यायचे, ते टप्प्याटप्प्याने आटवत उथळ कोंड्यांत आणायचे, आणि शेवटी पांढरा थर धरला की तो ओढून ढीग लावायचे; पावसाळा संपल्यावर मांडलेला हा खटाटोप खऱ्या अर्थाने फळाला येतो तो उन्हे तापल्यावर. माघाचा गारठा लांबला, पहाटे दव पडत राहिले, की आटत आलेल्या खारवणात गोडे पाणी मिसळते आणि मजल मागे पडते. सरकारचा मीठ-कर मात्र हंगाम पुढे-मागे झाल्याने माफ होत नसे. त्या कराचा संताप १९३० च्या मे महिन्यात वडाळ्याच्या मिठागरांवर सत्याग्रहींच्या तुकड्यांच्या रूपाने उसळला, तो माहुलच्या खाडीच्या समोरच्याच तीरावर.

शिमगा हा कोळीवाड्याचा मोठा सण. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहून हंगाम उघडतो, आणि फाल्गुनात होळी पेटते तेव्हा थंडीच्या दिवसांची मासळी घरी येऊन चुकलेली असते. त्या अग्नीभोवती नाचणाऱ्यांना हवामानशास्त्र ठाऊक नव्हते, पण ज्या सुमारास उत्तरेचा वारा मोडतो आणि खारे वारे सकाळीच वाहू लागतात, त्याच सुमारास त्यांनी आपला उत्सव धरला आहे, एवढे कबूल करावे लागते.

१९५४ पासून या गावच्या थंडीचा अर्थच पालटला. त्या वर्षी स्टॅनव्हॅक कंपनीचा आणि पुढल्याच वर्षी बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना माहुलला सुरू झाला. १९५६ मध्ये टाटांचे औष्णिक वीजकेंद्र आले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डोंगरापलीकडे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी कार्यान्वित झाली, आणि १९६५ च्या सुमारास खतांचा कारखाना उभा राहिला. देशाला तेल, वीज आणि खत हवे होते आणि बंदराला लागून मोकळी जमीन इथे होती, हे योजनाकारांचे म्हणणे खोटे नव्हते. डोंगराच्या कुशीतल्या या पट्टीत पहाटेची हवा हलत नाही, ही गोष्ट मात्र त्यांनी पुरेशी हिशेबात धरलेली दिसत नाही. थंड, निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची हवा उबदार, असा उलटा क्रम लागतो; भूगोलाच्या पुस्तकात त्याला तापमानाची विपरीतता म्हणतात. उबेचा तो थर झाकणासारखा वर बसतो, आणि धुराड्यांतून, टाक्यांतून, टँकरांतून निघालेले जे काही असेल ते खालीच साचून राहते, डोंगरावरून ऊन उतरेपर्यंत.

राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्ये, माहुल आणि अंबापाडा येथील रहिवाशांच्या तक्रारीवर निर्णय देताना, तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्यांतून उठवलेल्या हजारो कुटुंबांची रवानगी याच गावातल्या नव्या इमारतींत झाली, आणि २०१९ साली उच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला. कचरा वाहणारी आगगाडी ज्या दिशेने निघाली होती, त्याच दिशेने शहर अजून पाहते आहे, असे यावरून कोणी म्हटले तर त्याला उत्तर देणे अवघड आहे.

पूर्वी माघ लांबला तर माहुलचा जवळा काळवंडे आणि मीठ उशिरा धरे. नुकसान होई, पण ते भरून काढायला चैत्र-वैशाख पुढे असत. आता माघ लांबला की तितक्याच अधिक पहाटे ती विपरीत हवा गावावर बसून राहते, आणि फुप्फुसांचे नुकसान वैशाख भरून देत नाही. म्हणून ‘मुंबईचे किमान तापमान’ असा एक आकडा छापणाऱ्या वृत्तपत्रांनी तो कोणत्या ठिकाणचा हे तर नेहमी सांगावेच, पण त्याच्या शेजारी त्या पहाटेची माहुलची हवाही छापावी. आणि या किनाऱ्यावरच्या ज्या घरांत वाळवणाच्या किंवा मिठाच्या हिशेबाच्या जुन्या वह्या शिल्लक असतील, त्यांनी त्या रद्दीत घालण्यापूर्वी एखाद्या अभ्यासकाला जरूर दाखवाव्यात.