शस्त्र कायद्यातली सूट

1857 च्या उठावानंतर रयतेच्या हातातली हत्यारे काढून घेणे हे ब्रिटिश राजवटीचे पक्के धोरण बनले. 1860 च्या कायद्यापाठोपाठ लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 चा शस्त्र कायदा आला. देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदाही त्याच वर्षीचा. परवान्याशिवाय बंदूक बाळगणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती.

या कायद्याचा स्वभाव कळतो तो त्यातल्या सवलतींवरून. सरकारच्या हुकमाने, किंवा सरकारी नोकराने अथवा स्वयंसेवक दलातील शिपायाने आपले काम बजावताना बाळगलेल्या शस्त्रांना तो लागू नव्हता. नोकराला ही मुभा रास्तच होती. खजिन्यावरच्या पहारेकऱ्याकडे परवाना मागण्यात अर्थ नाही. पण स्वयंसेवक दलांत हिंदी माणसाला जवळजवळ शिरकावच नव्हता. शिवाय कलम 27 अन्वये सरकार कोणत्याही व्यक्तीला वा वर्गाला वगळू शके, आणि त्या आधारे युरोपियन व अँग्लो-इंडियन सरसकट मोकळे राहिले. कामामुळे मिळायची ती सूट अशी वंशामुळे मिळू लागली, आणि हा उघड अन्याय होता.

1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध ठराव केला. वंशावर आधारलेली सूट मात्र 1920 च्या नियमांनीच गेली. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने मिळावेत, ही 1930 मध्ये गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे ठेवलेल्या अकरा मागण्यांपैकी एक होती. 1931 च्या कराची ठरावाने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. संविधान सभेत मात्र हरि विष्णू कामथ यांची तशी दुरुस्ती फेटाळली गेली.

1959 चा शस्त्र कायदा 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. कलम 3 प्रमाणे बंदुकीला परवाना हवाच. मग ती पिकावरची रानडुकरे हाकायला कोकणातल्या शेतकऱ्याने ठेवलेली ठासणीची का असेना. कलम 45 मध्ये सरकारी नोकर, प्रादेशिक सेना व राष्ट्रीय छात्र सेना यांना सूट आहे, पण ती कर्तव्य बजावण्यापुरतीच. पोलीस अधिकाऱ्याने स्वतःसाठी विकत घेतलेले पिस्तूल तिच्यात बसत नाही. त्याला इतर नागरिकांसारखाच अर्ज करावा लागतो.

वर्गाला वगळण्याचा जुना अधिकार कलम 41 मध्ये टिकून आहे. कुर्गच्या कोडवांची ब्रिटिशकालीन सूट त्याच आधारे चालू आहे; 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवण्यात आली.